डावीकडचा मागचा स्पीकर

दुकानाचा मालक त्याला कानसेन म्हणायचा. आधी चिडवायला म्हणायचा, मग कौतुकाने, आणि पुढे पुढे तर त्याचं खरं नाव मालकालाही पटकन आठवेनासं झालं. गिऱ्हाइकं फोन करून सांगायची, "ते तुमचे कानसेनच पाठवा हं, दुसरं कोणी नको." हे कानावर आलं की आमचा गडी असा काही फुलायचा की विचारू नका. वय बावन्न, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, पोट थोडं पुढे आलेलं, पण चाल अशी की आत्ताच कुठूनतरी पहिलं बक्षीस घेऊन आलाय.

काम काय, तर लोकांच्या घरी जाऊन टीव्हीला साउंडबार जोडायचा आणि त्याच्याशी मागचे वायरलेस स्पीकर जुळवून द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा म्हणजे कळेल. गिऱ्हाइकाला पहिला धक्का तर खोकं उघडल्या उघडल्याच बसतो. "अहो, बिनवायरचे म्हणून घेतले आणि ही वायर कसली?" असं प्रत्येक घरात एकदा होतंच. कानसेन शांतपणे सांगायचा, "आवाज हवेतून येतो हो, वीज नाही येत हवेतून. प्लग लावावाच लागतो." मग सोफ्यामागे प्लग आहे का याची शोधाशोध. नसला की नवराबायकोची जुंपायची, आणि हा मधे उभा राहून छताकडे बघायचा.

जोडणी त्याच्या हातचा मळ होती. टीव्हीमागची केबल, भिंतीवरचा बार, खाली दणका देणारा तो जाडजूड डबा, मग मागच्या दोन स्पीकरांच्या पाठीवरचं बारीक बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुक करायचा थांबला की झालं. हे तर कोणीही करेल. खरी करामत पुढे होती. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करणं. आजकालची पोरं काय करतात, तर फोन खुर्चीवर ठेवतात, फोन आपला आपण आवाज मोजतो आणि आकडे लावून मोकळा होतो. कानसेनला याचा भारी राग. "फोनला काय कळतंय? फोन बसणार आहे का इथे बातम्या ऐकायला?" तो म्हणायचा. घरातला माणूस रोज जिथे बसतो तिथेच हा बसायचा, डोळे मिटायचा, आणि स्पीकरांतून एकामागून एक येणारा तो शूऽऽ असा आवाज ऐकत रिमोटने एकेक आकडा वरखाली करायचा. चार मिनिटं घरात कोणी हूं की चूं करायचं नाही. लहान मूल रडलं तरी आई त्याला उचलून आत न्यायची. मग हा डोळे उघडायचा, म्हणायचा, "झालं," आणि टीव्हीच्या पडद्यावरच्या आकड्यांचा फोटो काढून घ्यायचा. उद्या कोणी रिमोटशी खेळून सगळं बिघडवलं आणि याच्या नावाने खडे फोडले, तर पुरावा असावा म्हणून.

कंपनीचं पत्र येऊन सहा महिने झाले होते की यापुढे प्रत्येक घरी फोननेच मोजायचं. मालकाने ते पत्र खणात टाकलं. "माझ्याकडे कानसेन आहे," तो म्हणाला. म्हणजे बघा, दुकानाची सगळी मिजास ह्याच्या दोन कानांवर चाललेली. आणि ह्याचीही. बाकी याच्याकडे होतं काय? शिक्षण अर्धवट, रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान बसलेलं. जे काही होतं ते कान.

तर अशा माणसाला एका सकाळी मालकाने हाक मारून सांगितलं, "ऑपरेटरबाईंचा फोन होता. डावीकडचा मागचा स्पीकर ओरडतो म्हणतात."

या बाई म्हणजे टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेली. एकट्याच राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, सगळं लखलखीत. पंधरा दिवसांपूर्वीच कानसेन त्यांच्याकडे सगळं जुळवून आला होता.

"पडदा," कानसेन म्हणाला. "उजवीकडे जाड पडदा आहे त्यांच्याकडे. पडदा आवाज खातो."

"गेल्या महिन्यातल्या त्या दातांच्या डॉक्टरकडेही पडदाच होता," मालक म्हणाला. सहज म्हणाला, पण कानसेनला ते झोंबलं.

"मग असणारच! लोक पडदे लावतात त्याला मी काय करू?"

गेला तो तावातावातच. बाईंनी दार उघडलं, चहाचं विचारलं, आणि मग आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बसा आणि ऐका. माझी मान हल्ली सारखी डावीकडे वळते. कोणीतरी मागून हाक मारतंय असं वाटतं."

हा बसला. डोळे मिटले. शूऽऽ डावीकडून, शूऽऽ उजवीकडून. अगदी समसमान. काट्यावर तोलल्यासारखं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"नाहीये हो."

"बाई, मी हेच काम करतो."

"आणि मी तीस वर्षं दुसरं काय करत होते?"

मग त्याने स्पीकरच बदलून दाखवले. डावीकडचा उचलून उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे, पुन्हा बटणं दाबून दोघांना साउंडबारशी जुळवलं. बाई खुर्चीत बसल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "अजून डावाच." म्हणजे स्पीकरचा दोष नाही हे तर सिद्ध झालं. पडदा सरकवला. तरी डावाच. खुर्ची हातभर इकडे, हातभर तिकडे. डावाच! कानसेनच्या कपाळाला घाम. आणि घाम आला की माणसाची जीभ सुटते, तशी याची सुटली.

"राग मानू नका," तो म्हणाला, आणि राग यावा असंच बोलला, "पण तुमचा उजवा कान कमी झालाय. वयाने होतं. मशीन ठीक आहे. एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या."

 बाईंचा चेहरा एकदम उतरला. हात हळूच उजव्या कानाकडे गेला. ते बघून याला क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जिना उतरेपर्यंत ते वाईट वाटणं ओसरलं आणि दुकानात पोचेपर्यंत तर त्याने गोष्टच करून टाकली. "बिचाऱ्या! कान गेलाय आणि दोष स्पीकरला!" मालक हसला. दुकानातले सगळे हसले. याने त्यावर आणखी एक चहा मागवला.

आठवड्याने बाईंचा फोन आला, या वेळी थेट कानसेनला. त्याने नेहमीप्रमाणे फोन उजव्या कानाला लावला.

"तपासून आले," बाई म्हणाल्या. "तासभर काचेच्या खोलीत बसवलं होतं. दोन्ही कान उत्तम आहेत. डॉक्टर म्हणाली, या वयात असे कान तिने पाहिले नाहीत. आता तुम्ही या."

  साउंडबारच बिघडला असणार, तो मनाशी म्हणाला. बदलून देऊ. नवीन बारचं खोकं स्कूटरवर बांधून तो दुपारी जाऊन धडकला. बार बदलला, मागचे दोन्ही स्पीकर नव्या बारशी जुळवले, आणि खुर्चीत बसून पहिल्यापासून सगळं लावलं. डोळे मिटून, मन लावून, आयुष्यात कधी नव्हे इतक्या काळजीने. मग उठला. बाई बसल्या.

"डावा," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं याला अजिबात आवडलं नाही.

"आमच्याकडे एक पद्धत होती," त्या सावकाश म्हणाल्या. "लाइनवर आवाज कमी येतो अशी तक्रार ऑपरेटरने केली, की आमची मुख्य बाई पहिल्यांदा मशीन उघडायचीच नाही. ती म्हणायची, हेडफोन या कानाचा काढून त्या कानाला लाव. आवाज नीट आला, की मशीन सोडून द्यायची आणि मुलीला डॉक्टरकडे पाठवायची. कितीतरी मुली रडत गेल्या तशा." त्या उठल्या. "तुम्ही बसा. पण टीव्हीकडे पाठ करून बसा. खुर्ची उलटी फिरवा."

"त्याने काय होणार?"

"बसा तर."

आता यात घाबरण्यासारखं काय होतं सांगा? खुर्ची फिरवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं, एवढंच. पण कानसेनने ती खुर्ची अर्धीच फिरवून सोडली. तो रेडिओवाला होता, तीस वर्षं आवाजात मुरलेला, त्याला कळत होतं बाई काय म्हणतायत ते. तरी ती पूर्ण फिरवून बसला. समोर भिंत, त्या भिंतीला लागून तेच दोन स्पीकर, आता समोरून त्याच्याकडे बघणारे. बाईंनी बटण दाबलं.

शूऽऽ!

तो उडालाच. उजवीकडून असा आवाज आला की त्याने कान झाकला. हा तो डावा स्पीकर, आता त्याच्या उजव्या अंगाला आलेला. हा एवढा मोठा होता? हा बाईंच्या कानात इतके दिवस असा ओरडत होता? त्याने दुसऱ्या बाजूच्या आवाजाची वाट बघितली. बघत राहिला. येईना.

"दाबा ना दुसरं," तो म्हणाला.

"कधीचं चालू आहे," बाई म्हणाल्या.

त्याने डावीकडे मान वळवली. त्या स्पीकरचा दिवा पेटलेला होता. त्याने उठून स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला, तर जाळी थरथरत होती. आता ऐकू आलं, उजव्या कानाने. मग त्याने उजव्या कानात बोट घातलं आणि डावा कान त्या जाळीला अगदी चिकटवला. कुठेतरी लांब, दोन बंद दारांपलीकडे कोणी नळ सोडावा तसं काहीतरी. बस, तेवढंच.

 स्पीकर जागचे हलले नव्हते. बार नवा होता. पडदा बाजूला होता. फक्त तो फिरला होता, आणि दोष त्याच्याबरोबर फिरला होता.

"बाई," तो म्हणाला, आणि पुन्हा खुर्चीत बसला. बाईंनी पाणी आणून दिलं. ते त्याने हातात नुसतं धरून ठेवलं.

"मी तुम्हाला काय काय बोललो," शेवटी तो म्हणाला.

"ते राहू दे. पाणी प्या आधी."

"मी दुकानात सगळ्यांना सांगून हसलो हो."

"हसला असाल," बाई म्हणाल्या. "मी आठ दिवस झोपले नाही, ते मात्र खरं. आता तुम्हीही झोपणार नाही. उद्या जाऊन या डॉक्टरकडे. त्या बाई चांगल्या आहेत, घाबरवत नाहीत." मग त्यांनी आपल्या हाताने रिमोट घेऊन डाव्याचा आकडा शून्यावर आणला, आणि याला ते बघवेना म्हणून तो खाली फरशीकडे बघत राहिला.

जिना उतरता उतरता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला. जुन्या बारचं खोकं शेजारी.  कधीपासून? हा एकच प्रश्न. काल तर ऐकू येत होतं. परवा येत होतं. का येत नव्हतं? माणसाचा कान जातो आणि त्यालाच कळत नाही, असं कुठे असतं का? आणि तेही कुणाचा, तर याचा!

मग त्याला फोटो आठवले. फोन काढला आणि मागे मागे जायला लागला. ऑपरेटरबाईंचं घर: मागचा डावा अधिक पाच, मागचा उजवा शून्य. दातांचे डॉक्टर: अधिक पाच. त्याआधी एक वकीलबाई: अधिक पाच. त्याआधीची घरं: अधिक चार, अधिक चार, अधिक चार. त्याने अंगठा भराभर सरकवला. अधिक तीन. लग्न होऊन नवीन घरात आलेलं जोडपं, ज्यांनी त्याला जिन्यापर्यंत येऊन धन्यवाद दिले होते: अधिक तीन. अधिक दोन. एक म्हातारे गृहस्थ, जे म्हणाले होते की आता डोळ्यांना दिसत नाही, टीव्ही नुसता ऐकतो: अधिक दोन. अडीच वर्षं मागे गेल्यावर कुठे एकदाचा शून्य शून्य सापडला. अडीच वर्षं, शंभरावर घरं, आणि प्रत्येक घरात लोक एका अंगाने वाकडे होऊन बसलेले, का, तर कानसेन डोळे मिटून सांगून गेलाय की बरोबर आहे. त्याच्याच हाताने काढलेले फोटो, खाली तारीख, वर आकडा. स्वतःचा कान कसा कसा गेला ते त्याने स्वतःच पायरी पायरीने टिपून ठेवलं होतं. पुरावा म्हणून!

दुकानात तो गेलाच नाही. मालकाचे तीन फोन आले, ते वाजू दिले. सरळ घरी गेला. वाटेत एका गाडीवाल्याने डावीकडून येऊन कचकन ब्रेक मारला, काच खाली करून भरपूर शिव्या दिल्या, वर म्हणाला, "बहिरा आहेस काय?" एरवी याने खाली उतरून त्याला धडा शिकवला असता. आज नुसती मान हलवली.

बायको घरी होती. शाळेच्या कचेरीत कारकून होती, शनिवारी लवकर सुटायची. टेबलाशी बसून उसवलेली उशी शिवत होती. तिने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. हल्ली असंच होतं त्यांच्या घरात. कामापुरतं बोलणं. जेवण तयार आहे, वीज भरली का, गॅस संपलाय. कानसेनला वाटायचं, वय झालं की घरं अशी शांत होतात. त्यात भांडण नव्हतं, काही नव्हतं. तो आपल्या मित्रांना सांगायचा सुद्धा, "आमची ही हल्ली फार समजूतदार झालीय, एक शब्द बोलत नाही."

तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला आणि सांगून टाकलं. खुर्ची उलटी फिरवल्याचं, जाळीला कान लावल्याचं, सगळं.  त्याला वाटलं, ती आता उठेल, जवळ येईल, निदान "अहो, काय सांगता" असं तरी म्हणेल.

ती म्हणाली, "कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली असतील. हळूहळू गेलाय."

"नक्की सांगता येईल?"

"अगं, आता कधीपासून याने काय फरक पडतो? गेला तो गेला!"

"मला पडतो," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातली सुई तिने उशीत खोचून ठेवली. "मागच्या वर्षी, आई पडली त्या महिन्यात. तुमचा कान कसा होता?"

तिची आई, म्हणजे याची सासू. बायकोच्या भावाकडे राहायची. न्हाणीघरात पाय घसरून कंबर मोडली, मग अंथरुणालाच खिळली. भावाच्या घरी जागा नाही, म्हणून दोन खोल्यांमधल्या बोळात खाट टाकली होती. चार महिन्यांनी तिथेच गेली. कानसेनला सासू फार आवडायची. त्याच्या रेडिओच्या दुकानाला घरातून एकटीने पाठिंबा दिला होता तो तिने. तिला आपल्याकडे आणावं हे त्याच्या मनात शंभरदा आलं होतं. पण भावाबहिणींचा मामला, आपण मधे कशाला तोंड घाला, बायको म्हणेल तेव्हा बघू, असं करून तो थांबला होता. बायको कधी म्हणालीच नाही. त्याचं त्याला नवलही वाटलं होतं.

त्याने फोन काढला. त्याला काही समजत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून उलट विचारायची त्याची छाती झाली नाही. तो महिना शोधला. "हे बघ," तो म्हणाला, "अधिक चार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बराचसा गेलेला होता."

 मग तोंडावर हात ठेवून तिने असा आवाज काढला की तो घाबरून उभाच राहिला.

"अगं, काय झालं? काय झालं सांगशील का?"

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "आईला आपल्याकडे आणू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही भांडी घासत होतात, मी पुसत होते. तीन दिवस धीर गोळा करून विचारलं. तुम्ही शेवटची ताटली माझ्या हातात दिलीत, हात पुसलेत आणि बाहेर निघून गेलात. एक शब्द बोलला नाहीत."

"मला? मला विचारलंस?"

"मला वाटलं, नाही म्हणायचं जिवावर आलं म्हणून गप्प राहिलात. मग पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारायचं? एकदा कळलं ना." तिचे शब्द आता भराभर येत होते, दीड वर्ष बांधून ठेवलेले. "ती बोळात पडली होती हो. येणारेजाणारे तिच्या पायाला धडकायचे. मी भेटून यायचे आणि तुम्ही इथे जेवताना विचारायचात, कशी आहे आई? तुम्ही विचारायचात! मला वाटायचं, या माणसाच्या जिभेला हाड आहे की नाही! तेव्हापासून मनातून उतरलात तुम्ही माझ्या. मी सोडून जायचा विचार केला होता. सांगते ना, पिशवी भरली होती एकदा."

 "मी आणलं असतं तिला," तो म्हणाला. "अगं, मी वाट बघत होतो तू कधी म्हणतेस त्याची. त्याच दिवशी आणलं असतं. खांद्यावर घेऊन जिना चढलो असतो."

"ऐकू नाही आलं?" ती म्हणाली. "खरंच नाही? का आता असं म्हणताय?"

यावर माणूस आता शपथ घेणार? दीड वर्षापूर्वी आपण काय ऐकलं नाही हे कोणाला आठवतं का? त्याला एवढंच कळलं की त्याचा कान, त्याचं नाव, दुकान, ते सगळं मरो, पण ही बाई आत्ता जे विचारतेय त्याचं खरं उत्तर मिळालं नाही तर आपलं घर संपलं.

"कुठल्या बाजूला उभी होतीस?" त्याने विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग गेला. ती ओट्याच्या कडेला, भांडी पुसायचा कपडा लटकवलेला असतो तिथे जाऊन उभी राहिली. रोज तिथेच उभी राहायची, बावीस वर्षं. तो सिंकसमोर आपल्या जागी उभा राहिला. ती त्याच्या डाव्या हाताला आली.

"नळ चालू होता?" तो म्हणाला.

"हो."

त्याने नळ सोडला. सिंकमध्ये दुपारच्या दोनच ताटल्या होत्या. त्याने एक हातात घेतली, उगीच घासायला लागला, आणि तोंड समोरच्या भिंतीकडे ठेवलं. 

"आता विचार," तो म्हणाला. "तेव्हा विचारलं होतंस तसंच विचार. तेवढ्याच आवाजात. मोठ्याने नको."

पाणी पडत होतं. तो थांबला. घासलेली ताटली त्याने पुन्हा घासली. ती काही बोलेना. बोलायचं नसेल आता तिला, तो मनात म्हणाला, आणि का बोलावं तिने?

"अगं विचार ना," तो म्हणाला. "मी थांबलोय."

तरी काही नाही. नुसतं पाणी. मग त्याच्याने राहवलं नाही आणि त्याने मान वळवली. ती त्याच्याकडेच बघत होती, तोंड मिटलेलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने हात पुढे करून नळ बंद केला.

"दोनदा विचारलं," ती म्हणाली.